मरियामातेच्या झग्यावरचा डाग

वसईच्या किनाऱ्यालगत केळभाट नावाचं गाव आहे. दोन्ही बाजूंना केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्या, मधून वाळूची वाट, आणि वाट संपते तिथे सिस्टरांची मुलींची शाळा. या शाळेत मदर आपोलोनिया तरुणपणी आल्या आणि इथल्याच मातीत विसावल्या. त्यांचं माहेर कुठलं, आईबाप कोण, हे गावाने कधी विचारलं नाही. गाव त्यांना नुसतं मोठी मदर म्हणे. भाविकांनो, त्यांच्या दयेच्या गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील. आज सांगते ती गोष्ट ऐकताना मात्र जीव घट्ट करून बसा. माझी मावशी तेव्हा त्या वर्गात होती, आणि म्हातारपणीसुद्धा ही हकिगत सांगताना मध्येच तिचे शब्द तुटत.

मदर शाळेत गृहकलेचा वर्ग चालवत. शिवण, भरतकाम, क्रोशाची लेस, कागदाची फुलं, केक, मुरंबे, कपड्यांची इस्त्री, सगळं त्यात आलं. सुरुवातीला गावातले बाप्ये टर उडवत. "शिवण शिकायला शाळा कशाला, मदर? घरी फाटकं थोडं आहे का?" मदर शांतपणे म्हणत, "घरी फाटकं शिवायचं असतं. इथे आपल्या हातात काय आहे ते पोरीला कळतं." पुढे त्याच बाप्यांच्या लेकी लग्नाचे केक करू लागल्या, गावाबाहेरच्या नवऱ्यामुलींचे झगे शिवू लागल्या, तेव्हा ही टवाळी आपोआप बंद झाली.

स्वयंपाकातलं मात्र मदरना स्वतःला ओ की ठो कळत नसे. मुलींना ते ठाऊक होतं आणि त्या खुसखुसून हसत. मदरही हसत. पण एखाद्या पोरीचा मुरंबा करपला, ती रडकुंडीला आली, की मदर चमचा मागून घेत आणि उभ्या उभ्या तो कडूजहर मुरंबा खाऊन टाकत. "साखर जरा कडक झाली, एवढंच," म्हणत. दुसऱ्या कुणाला चाखू देत नसत.

वर्गात त्यांचा एक नियम होता: आधी चिंधी, मग कापड. तेव्हा कोळशाची इस्त्री. आत निखारे, वर झाकण. ती किती तापली ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून आधी जुन्या चिंधीवर फिरवून बघायची, चिंधी पिवळी पडली नाही तरच चांगल्या कपड्याला लावायची. पहिल्या दिवशी आलेल्या पोरीलाही हे आधी शिकवलं जाई.

मदर थकल्यावर वर्ग युफेमिया घोन्साल्विसकडे आला. ही मदरचीच विद्यार्थिनी. मुंबईला जाऊन शिकून आली होती, प्रदर्शनात बक्षिसाची ढाल मिळवली होती. आपण भरलेल्या गुलाबावर मधमाशी येऊन बसली होती, असं ती स्वतःच सगळ्यांना सांगे. हातात गुण होता, तो नाकारून चालणार नाही. पण गुणाबरोबर ताठाही आला, आणि ताठा आला की माणसाला समोरचं माणूस दिसेनासं होतं. युफेमी टीचरला खरं म्हणजे मी अहो-जाहो करायला हवं. या गोष्टीत माझी जीभ तशी वळत नाही, त्याला माझा इलाज नाही.

तिच्या वर्गात जासिंता रुमाव नावाची मुलगी होती. बाप माडावरून पडून गेलेला, आई इजाबेल डोक्यावर भाजीची पाटी घेऊन बाजार करायची. मदरनी तिला बोर्डिंगात ठेवून घेतलं होतं. शाळा संपली की शिवणाची शिक्षिका व्हायचं, आईच्या डोक्यावरची पाटी उतरवायची, एवढंच त्या पोरीच्या मनात होतं. मोठ्या मदरवर तिची फार श्रद्धा. रोज संध्याकाळी मदरच्या खोलीसमोरून जाताना ती चपला काढी, देवळात शिरावं तशी.

आता ही जासिंता डावरी होती. सुई तिच्या डाव्या हातात चाले. युफेमी टीचरला ते बघवत नसे. "तुझे टाके उलटे कलतात. सगळ्यांचं एकीकडे आणि तुझं भलतीकडे," म्हणत ती भर वर्गात तिचं काम उसवून टाकी. मुली हसत. हसणाऱ्यांत माझी मावशीही होती.

त्या वर्षी मरियामातेच्या जन्माच्या सणाला स्वतः बिशप येणार होते. देवळातल्या मातेच्या मूर्तीला नवा झगा करायचा ठरला. मुंबईहून पांढरं रेशीम आलं. शाळेची रीत अशी की झग्याच्या काठावर शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक मुलीने स्वतःच्या हाताने एक लिलीचं फूल भरायचं, आणि भरताना मातेकडे मनातलं एक मागणं मागायचं. ही रीत मदरनीच घातली होती. जासिंता कधीपासून त्या दिवसाची वाट पाहत होती. तिची पाळी आली तेव्हा ती हात स्वच्छ धुऊन, पुसून टीचरपुढे उभी राहिली.

टीचरने तिच्याकडे पाहिलंही नाही. "मायच्या झग्याला डावा हात लावतेस? येशूच्या डाव्या बाजूला क्रुसावर कोण टांगला होता ठाऊक आहे ना? चोर. न पस्तावलेला चोर." मुली पुन्हा हसल्या.

हे मदरच्या कानांवर गेलं. त्यांनी टीचरला बोलावून घेतलं. "युफेमिया, देवळात जा आणि मरियेने बाळाला कुठल्या हातावर घेतलंय ते बघून ये." मूर्तीने बाळयेशू डाव्या हातावर घेतलेला आहे, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. टीचर म्हणाली, "हो मदर." मदर पुढे म्हणाल्या, "मग तिला तिचं फूल भरू दे." टीचर पुन्हा म्हणाली, "हो मदर."

आणि परत येऊन तिने काय करावं? जासिंताच्या वाट्याचं फूल तिने स्वतःच भरून टाकलं. तेही इतकं सुंदर की कुणाला बोलायला जागा राहू नये. जासिंताला तिने इस्त्रीत कोळसे घालायचं काम दिलं. "या कामाला डावा हात चालतो," असंही वर ऐकवलं. बघा म्हणजे. मदर तोवर तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. जासिंता त्यांना सांगायला गेली नाही. आजारी माणसाला आपलं गाऱ्हाणं काय सांगायचं, असं तिला वाटलं.

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी मुली देवळात कागदाची फुलं लावत होत्या. वर्गात फक्त टीचर आणि जासिंता. कोळसे संपले होते म्हणून जासिंताने नारळाच्या करवंट्यांचे निखारे करून इस्त्रीत भरले. करवंटीचा निखारा भारी जळतो, ते तिने टीचरला सांगितलं, आणि टीचरलाही ते माहीत होतंच. "तू मला शिकवू नकोस. विहिरीवरून पाणी आण, फडकं ओलं करायला." जासिंता पाण्याला गेली.

चिंधी तिथेच टेबलावर पडली होती. टीचरने ती उचलली नाही. चिंधीवर हात बसवायचा तो शिकाऊ पोरींनी. आपल्याला मुठीच्या उबेवरून इस्त्री कळते, असा तिचा भरवसा. तिने इस्त्री सरळ मातेच्या झग्यावर ठेवली. ठेवली मात्र, रेशमाचा चर्र आवाज झाला. उचलली तर काठाच्या अगदी पुढच्या भागावर, तिने स्वतः भरलेल्या त्या फुलावरच, इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी डाग. फूल जळून काळं पडलेलं.

टीचरने इस्त्री बाजूला ठेवली. उद्या बिशप येणार, सगळा गाव येणार. दुपारी सगळ्या जेवायला बसल्या की वर नवं फूल जोडून डाग झाकायचा, असं तिने घाईघाईत ठरवलं. तोवर कुणी पाहू नये म्हणून झगा घडी घालून पांढऱ्या चादरीत गुंडाळला. जासिंता पाणी घेऊन आली तेव्हा गाठोडं तिच्या हातात देऊन ती म्हणाली, "देवळातल्या कपाटात ठेव. उघडू नकोस, तुझे काळे हात लागतील." जासिंताला करपल्याचा वास आला. तिला वाटलं, करवंटीचाच असेल.

पण देवळाचे फादर दुमिंग आणि गावातल्या बायका झगा बघायला दुपारची वाट न पाहता आधीच आल्या. फादरनी कपाट उघडायला लावलं. झगा शाळेच्या मोठ्या वर्गात आणून लांब टेबलावर पसरला, आणि पुढे ओणवून बघणाऱ्या सगळ्याजणी एकदम मागे सरकल्या. एक म्हातारी तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. महिनोन् महिने ज्या कामाला पोरींनी श्वास रोखून हात लावला होता, त्याच्यावर पुढूनच दिसेल असा जळका डाग. फादरनी विचारलं, "हे कुणी केलं?"

युफेमी टीचरच्या तोंडून निघून गेलं, "इस्त्री जासिंताच्या हातात असते." बोलली आणि तिची तीच दचकली. पण एकदा निघालेला शब्द पुढचा शब्द ओढून आणतो. झगाही तिनेच नेऊन ठेवला, ती म्हणाली. फूल भरायला मिळालं नाही म्हणून तिच्या मनात राग होता, हेही म्हणाली. माझी मावशी सांगायची, त्या क्षणी जासिंताचा चेहरा पाहवत नव्हता. ती रडली नाही. कुणी पाठीमागून ढकलल्यासारखी एक पाऊल पुढे आली आणि म्हणाली, "फादर, मी निखारे भरले. झग्याला मी हात नाही लावला."

कोण ऐकतं? टीचर ढाल मिळवलेली, मुंबईला शिकलेली, आणि ही भाजीवालीची पोर. फादर दुमिंग वाईट माणूस नव्हते, पण तेही हादरले होते. "मातेचा झगा जाळून वर खोटं बोलते. हिचं नाव शाळेतून काढा. हिच्या आईला बोलवा, आजच घेऊन जाऊ दे."

इजाबेल बाजारातून तशीच धावत आली. पाटी तिने दारात उतरवली. काय झालं ते कळल्यावर तिने लेकीला एक शब्द विचारला नाही. सरळ जाऊन टीचरच्या पायांवर डोकं ठेवलं. "हिला बाप नाही, टीचर. हिला हाकलू नका. मी उपाशी राहीन, पण रेशमाचे पैसे भरून देईन." टीचरने पाय मागे घेतले. तेवढ्यानेही तिचं तोंड उघडलं नाही. असं काळीज असतं का कुणाचं? असतं हो, भाविकांनो. भ्यालेल्या माणसाचं असतं.

जासिंताने आईला टीचरच्या पायांशी पाहिलं आणि तिने डोळे मिटले. ओठांतल्या ओठांत ती एवढंच म्हणाली, "मोठी मदर, तुम्हाला ठाऊक आहे."

त्याच वेळी दारातली बायकांची गर्दी दोन्ही बाजूंना सरली. मदर आपोलोनिया आल्या होत्या. किती दिवस त्यांना पाणी प्यायला उठवून बसवावं लागत होतं. आज त्या कुणाच्याही आधाराशिवाय, भिंतीला हात लावत, जिना उतरून आल्या होत्या. त्यांना निरोप कुणी दिला? कुणीच नाही. मावशीने पुढे कितीजणींना विचारलं; एकीनेही दिलेला नव्हता.

मदरनी टेबलाजवळ येऊन डाग पाहिला. मग टीचरकडे पाहिलं. टीचरची नजर जमिनीवर. मदरनी तिला काही विचारलं नाही. त्या जासिंताला म्हणाल्या, "पोरी, आईला उठव." आणि मग आपला उजवा तळहात त्यांनी त्या डागावर उघडा ठेवला, डोळे मिटले आणि नमो मरियाची प्रार्थना म्हणू लागल्या. पोरींनीही सवयीने सुरात सूर मिळवला.

प्रार्थना निम्म्यावर आली असेल नसेल, तोच वर्गात वास सुटला. आधी सगळ्यांना वाटलं, कापड जळतंय. पण तो कापडाचा वास नव्हता. मावशी म्हणायची, कातडी भाजल्याचा वास एकदा नाकात शिरला की जन्मात जात नाही. इस्त्री कोपऱ्यात थंड पडलेली. वर्गात चूल नाही, निखारा नाही, मेणबत्तीसुद्धा नाही. आणि मदरच्या तळहाताखालून चर्र असा बारीक आवाज येत होता. त्यांचं कपाळ घामाने निथळत होतं, ओठ पांढरे पडले होते, पण प्रार्थनेतला एक शब्द त्यांनी गाळला नाही. फादर दुमिंग पुढे धावले, "मदर, हात काढा." मदरनी डोळे न उघडता मान हलवली. पोरींचे आवाज एकेक करून बंद पडले. शेवटी एकट्या मदरच म्हणत होत्या. आमेन म्हणाल्या आणि मग हात उचलला.

झगा स्वच्छ होता. डाग नव्हता, आणि डागाबरोबर ते जळकं फूलही नव्हतं. तिथे नुसतं कोरं रेशीम.

मदरनी हात उलटा केला. तळहाताच्या मधोमध इस्त्रीचं टोक उमटलं होतं. तसंच होडीच्या पुढच्या भागासारखं निमुळतं, लाल, फोड आलेलं, कडेने काळवंडलेलं. रेशमावर डाग होता तेवढंच मोठं, तसूभरही कमीजास्त नाही.

फादरनी क्रुसाची खूण केली आणि ते जागच्या जागी गुडघ्यांवर बसले. एक मुलगी ओकली. बायका रडूही शकल्या नाहीत. चमत्कार म्हटलं की आपल्याला वाटतं, आकाशातून फुलं पडतील, गोड सुगंध येईल. पडली नाहीत फुलं. एका आजारी म्हातारीच्या हाताचं मांस जळालं होतं, आणि ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या हाताने मदरनी पुढे कधी सुई धरली नाही. ज्या हाताने केळभाटच्या लेकींच्या तीन पिढ्यांना टाका शिकवला, तो हात त्यांनी त्या दिवशी देऊन टाकला.

त्या शांततेत कुणीतरी घशातून ओरडल्यासारखा आवाज केला. ती युफेमी टीचर होती. "मी जाळला," ती म्हणाली. "चिंधीवर फिरवली नाही. मला कळतं असं वाटलं मला. मदर, तो मी जाळला." ती टेबलाला धरत धरत मदरकडे गेली आणि त्यांचा तो भाजलेला हात धरायला वाकली.

मदरनी हात मागे घेतला. राग नव्हता त्यांच्या आवाजात, थकवा होता. "मला कशाला सांगतेस, युफेमिया? माझं तू काय जाळलंस?"

टीचरला कळलं. ती वळली. वर्गभर पोरी, दारात बायका, फादर, सगळा गाव बघत होता, आणि ढालवाली युफेमी टीचर गुडघ्यांवर चालत भाजीवालीच्या पोरीपुढे आली. मान खाली घालून म्हणाली, "मी तुझ्यावर खोटा आळ घेतला. तुझं फूलही मी चोरलं."

जासिंता भेदरून आईला चिकटली. आजवर तिला टीचरच्या डोळ्याला डोळा द्यायची सवय नव्हती. इजाबेलला तर काहीच उमजेना, ती आपली पुन्हापुन्हा म्हणत होती, "टीचर, उठा हो. पोर आहे ती. तिच्यापुढे असं बसू नका."

सिस्टरांनी मदरना खुर्चीवर बसवलं होतं आणि परातीत गार पाणी आणून हात बुडवला होता. तिथूनच मदर म्हणाल्या, "उद्या सण आहे. एक फूल राहिलंय. युफेमिया, तिला सुई ओवून दे."

टीचरने पांढरा दोरा घेतला. मधमाशीला फसवणारे ते हात असे थरथरत होते की दोरा सुईच्या नाकात जाईना. तिने दोरा ओठांत ओला केला, पुन्हा धरला, पुन्हा चुकला. डोळ्यांत इतकं पाणी की तिला सुईच दिसत नव्हती. कुणी हसलं नाही. शेवटी जासिंताने हळूच तिच्या हातातून सुई आणि दोरा घेतला, दोरा ओवला, आणि टेबलाशी जाऊन त्या कोऱ्या जागेवर वाकली. युफेमी टीचर गुडघ्यांवरच तिच्यामागे गेली. टेबलाखाली दिसणाऱ्या त्या पोरीच्या अनवाणी पावलांवर तिने कपाळ टेकलं, आणि रेशमात पहिला टाका पडेपर्यंत ते उचललं नाही.